घरगुती मीडिया सर्व्हर : उभारणीच्या फाईलमध्ये काय मावते, काय नाही

कुम्हारी (जि. दुर्ग, छत्तीसगड) : रायपूर-भिलाई महामार्गावरील या पट्ट्यात नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी कुटुंबे येत राहिली, भिलाई पोलाद कारखान्यासाठी १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाल्यानंतर त्यांत भर पडली. अशा घरांतील लग्नाच्या चित्रफिती, गणेशोत्सवातील नाटके, आजी-आजोबांचे आवाज संगणकावर उतरवल्यानंतर ते घरातील टीव्ही व मोबाईलवर पुरवणारी यंत्रणा म्हणजे मीडिया सर्व्हर.

यासाठी जेलीफिन ही विनामूल्य प्रणाली प्रचलित आहे. एम्बी या प्रणालीने आपला कोड बंद केल्यावर डिसेंबर २०१८ मध्ये तिच्यातून जेलीफिन वेगळी झाली. ती सहसा डॉकरच्या कंटेनरमध्ये चालवली जाते. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरमुळे प्रोग्रॅम व त्याला लागणाऱ्या सहायक फाईल एकत्र बांधल्या जातात आणि मूळ संगणकात ढवळाढवळ होत नाही.

उभारणी स्वयंचलित करणे म्हणजे प्रत्येक निर्णय लिहून ठेवणे. ‘कंपोझ’ फाईलमध्ये प्रणालीची आवृत्ती, ८०९६ हा पोर्ट, माध्यमांचे व सेटिंगचे फोल्डर आणि वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याची सूचना नोंदवली की एका आज्ञेत सर्व्हर उभा राहतो. अँसिबलसारखे साधन याच्याही आधीची कामे, म्हणजे डॉकर बसवणे, फोल्डर तयार करणे, परवानग्या देणे, पार पाडते.

खरी अडचण वीज गेल्यानंतर दिसते. संगणक सुरू होताना बाह्य डिस्क जोडली जाण्याआधीच कंटेनर उठला, तर त्याला रिकामा फोल्डर मिळतो आणि पडद्यावर काहीच दिसत नाही. फाईल गेल्या, असा समज करून घेऊन डिस्क नव्याने फॉरमॅट करणे हा यातील सर्वांत महागडा उपाय. डिस्क तिच्या कायम ओळखक्रमांकाने जोडावी आणि ती जोडली गेल्यावरच डॉकर सुरू व्हावे, अशी अट घातल्यास हा प्रसंग टळतो. फाईल दिसतात पण उघडत नाहीत, असे झाल्यास कंटेनरचा वापरकर्ता क्रमांक आणि फोल्डरच्या मालकाचा क्रमांक जुळतो का, हे प्रथम पाहावे.

‘लेटेस्ट’ या खुणेवर विसंबून आपोआप अद्ययावत होऊ देणेही जोखमीचे आहे. मोठ्या आवृत्तीबदलात डेटाबेसची रचना बदलू शकते. मग सेटिंगच्या फोल्डरची आधीची प्रत नसेल तर मागे फिरता येत नाही. आवृत्तीचा क्रमांक स्पष्ट लिहिणे बरे.

यंत्राची निवडही महत्त्वाची. रास्पबेरी पाय ५ मध्ये व्हिडिओ एन्कोड करणारे हार्डवेअर नाही. टीव्हीला न चालणारी चित्रफीत लगोलग रूपांतरित करायची असल्यास इंटेल ग्राफिक्स असलेला जुना छोटा संगणक अधिक उपयोगी. मात्र ग्राफिक्सचे उपकरण कंटेनरला खुले केल्याची नोंद कंपोझ फाईलमध्ये हवी.

डिस्क बंद पडल्यास या फाईलवरून सर्व्हर काही मिनिटांत पुन्हा उभा राहतो. चित्रफिती परत येत नाहीत. त्यांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्य तर दुसऱ्या घरी ठेवावी लागते.