विषाणुबाधित मानवी पेशींतील जनुक अभिव्यक्ती

विषाणू शिरल्यावर मानवी पेशीतील कोणती जनुके सक्रिय होतात व कोणती मंदावतात, याचा प्रयोगशाळेत संवर्धित पेशींवर केलेला अभ्यास. जनुकावरून संदेशक आरएनए व त्यावरून प्रथिन तयार होते. म्हणून बहुधा संदेशक आरएनएचेच प्रमाण मोजतात.

या अभ्यासाला खरी व्यापकता आली ती १९९८ मध्ये. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठातील टॉमस शेंक व सहकाऱ्यांनी मानवी सायटोमेगॅलोव्हायरसची बाधा झालेल्या आणि न झालेल्या पेशींतील सु. ६,६०० संदेशक आरएनएंची डीएनए मायक्रोॲरेवर तुलना केली. विषाणूच्या डीएनएच्या प्रती बनू लागण्यापूर्वीच २५८ संदेशकांचे प्रमाण चौपट वा अधिक फरकाने बदलले होते. तोवर संशोधकांचे लक्ष मुख्यतः विषाणूच्याच जनुकांवर असे. या प्रयोगाने ते यजमान पेशीकडे वळवले. पुढे मायक्रोॲरेची जागा बव्हंशी आरएनए अनुक्रमणाने घेतली.

प्रयोगाचे यश तुलनेच्या काटेकोरपणावर ठरते. नियंत्रण पेशींनाही तेच माध्यम, तेच तापमान व तितकाच वेळ द्यावा लागतो. फक्त विषाणू वगळतात. मोजक्याच पेशी बाधित असतील, तर त्यांनी स्रवलेल्या इंटरफेरॉनमुळे शेजारच्या निरोगी पेशींतही संरक्षक जनुके सक्रिय होतात आणि सरासरी फसवी निघते. एकेका पेशीचे स्वतंत्र अनुक्रमण हा त्यावरील उत्तम उपाय होय.

मात्र संदेशक आहे म्हणजे प्रथिन बनतेच असे नाही. पोलिओचा विषाणू पेशीतील ईआयएफ-४जी हे प्रथिन तोडतो; परिणामी पेशीचे संदेशक शाबूत असूनही त्यांपासून होणारी प्रथिननिर्मिती जवळजवळ थांबते. त्यामुळे प्रथिनांचे मापन स्वतंत्रपणे करावे लागते.