चित्रकथा आणि तिचा न विचारलेला वाचक



शिक्षकाच्या टेबलाच्या खणांत काय सांपडेल याचा नेम नसतो. माझ्या खणांत गोट्या, भोंवरे, चिंचोके आणि चित्रकथांचीं पातळ पुस्तकें जमा होत. पुष्कळ वर्षांपूर्वीं भूगोलाचा तास चालला असतां, नकाशाच्या पुस्तकाआड ‘वेताळा’ची चित्रकथा वाचणाऱ्या सातवींतील एका मुलाचें पुस्तक मीं काढून घेतलें. चार शब्द सुनावले आणि पुढें शिकवूं लागलों. या पुस्तकांत तुला एवढें काय आवडलें, हा साधा प्रश्न मात्र मीं त्याला विचारला नाहीं. पुढें निवृत्तीनंतर अमेरिकेंतील चित्रकथांचा इतिहास वाचनांत आला, तेव्हां ध्यानांत आलें कीं, एका मोठ्या राष्ट्रालाहि हाच प्रश्न विचारावयाचें सुचलें नव्हतें. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

अमेरिकेंत १९३८ सालीं ‘सुपरमॅन’ हा वीर प्रथम अवतरला आणि चित्रकथांच्या पुस्तकांना विलक्षण बहर आला. किंमत अवघी दहा सेंट. मुलगा आपल्या खाऊच्या पैशांत तें विकत घेई, वाचून झाल्यावर मित्राशीं अदलाबदल करी. आईबापांनीं, शिक्षकांनीं किंवा ग्रंथपालांनीं न निवडलेलें असें हें वाचन होतें. आणि वडील मंडळींच्या अस्वस्थतेचें खरें मूळ मला येथेंच दिसतें. १९४० सालच्या मे महिन्यांत स्टर्लिंग नॉर्थ या लेखकानें शिकागोच्या एका दैनिकांत या पुस्तकांवर पहिला मोठा हल्ला चढविला. महायुद्धानंतर त्या वादाचें पुढारीपण डॉ. फ्रेड्रिक वर्थम यांच्याकडे आलें.

वर्थम हे कोणी कोत्या मनाचे गृहस्थ नव्हते, हें आधींच सांगितलें पाहिजे. ते नामांकित मनोविकारतज्ज्ञ होते. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत १९४६ सालीं त्यांनीं गरीब कृष्णवर्णीयांसाठीं नाममात्र शुल्काचें चिकित्सालय उघडलें. शाळांतील वर्णभेद मुलांच्या मनास अपाय करतो, अशी साक्ष त्यांनीं १९५१ सालीं डेलावेअर राज्यांतील खटल्यांत दिली. अशा सहृदय पुरुषाकडे वाट चुकलेलीं मुलें येत आणि तीं सर्व चित्रकथा वाचणारीं असत. यावरून त्यांनीं रोगाचें कारण ठरविलें. परंतु त्या काळीं जीं मुलें वाट चुकलीं नव्हतीं, तींहि बहुतेक सारीं चित्रकथा वाचीतच होतीं! तुरुंगांतील प्रत्येक कैदी भाकरी खातो, एवढ्यावरून भाकरीवर चोरीचा आरोप ठेवतां येत नाहीं.

मे १९४८ मध्यें वर्थम यांचा लेख एका प्रतिष्ठित साहित्यिक साप्ताहिकांत प्रसिद्ध झाला. दोन महिन्यांच्या आंत त्याच साप्ताहिकांत त्याला उत्तर आलें. उत्तर देणारा वॉशिंग्टन शहरांतील चौदा वर्षांचा शाळकरी मुलगा होता आणि त्याच्या संग्रहीं पांच हजारांहून अधिक चित्रकथा होत्या. त्याचा मुद्दा असा कीं, बायबलांतील केननें आपल्या भावाचा वध केला, तेव्हां जगांत एकहि चित्रकथा नव्हती. त्याचें सारेंच म्हणणें मान्य करावें असें नाहीं. परंतु या वादांत ज्यानें तीं पुस्तकें खरोखर वाचलीं होतीं, असा कोणीतरी या पत्राच्या रूपानें बोलला. त्याच वर्षाच्या अखेरीस स्पेन्सर व बिंगहॅम्टन या गांवांत शाळेच्या मुलांकडूनच चित्रकथांच्या होळ्या करविण्यांत आल्या.

१९५४ सालीं वर्थम यांचें पुस्तक निघालें आणि एप्रिलमध्यें न्यूयॉर्क येथें सिनेटच्या उपसमितीची सुनावणी सुरू झाली. एकाच दिवशीं वर्थम यांची आणि विल्यम गेन्स या प्रकाशकाची साक्ष झाली. गेन्स यांच्या एका भयकथेच्या मुखपृष्ठावर स्त्रीचें तोडलेलें मस्तक होतें. हें सुरुचीला धरून आहे काय, असें विचारतां, भयकथेपुरतें आहे, असें उत्तर त्यांनीं दिलें. तें चित्र किळसवाणें होतें, यांत शंका नाहीं. टीकाकारांच्या तक्रारींत तथ्य मुळींच नव्हतें, असें म्हणतां येणार नाहीं. पण साक्षीदारांच्या त्या यादींत डॉक्टर होते, प्रकाशक होते, अधिकारी होते. मूल मात्र एकहि नव्हतें. कित्येक मुलांनीं आपण होऊन समितीला पत्रें लिहिलीं. तीं दफ्तरांत जाऊन पडलीं.

पंधरा वर्षांखालील मुलांना हीं पुस्तकें विकूं नयेत, असा कायदा वर्थम यांना हवा होता. तसा कायदा झाला नाहीं. त्याऐवजीं भ्यालेल्या प्रकाशकांनीं २६ ऑक्टोबर १९५४ रोजीं स्वतःच एक नियमावली स्वीकारली. मुखपृष्ठावर मंजुरीचा शिक्का नसेल, तर विक्रेते पुस्तक ठेवीनात. गुन्हेगाराविषयीं सहानुभूति नको, न्यायाधीश व पोलीस यांचा अनादर नको, असे तिचे नियम. त्या नियमांचा अंमल कसा झाला, याचें एकच उदाहरण देतों. गेन्स यांच्या एका कथेंत यंत्रमानवांच्या ग्रहावरील वर्णभेद पाहून पृथ्वीचा प्रतिनिधि त्यांना अपात्र ठरवितो. शेवटच्या चित्रांत तो शिरस्त्राण काढतो आणि तो कृष्णवर्णीय आहे, हें वाचकाला कळतें. नियमावलीच्या अधिकाऱ्याचा आक्षेप नेमका या वर्णावर होता! गेन्स यांनीं तो जुमानला नाहीं आणि कथा तशीच छापली. वर्णभेदाविरुद्ध साक्ष देणाऱ्या डॉक्टरांच्या चळवळींतून हें फळ निपजावें, याला काय म्हणावें? ती नियमावली अखेर २०११ सालीं पूर्णपणें लयास गेली.

वर्थम यांचे कागदपत्र वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्यें आहेत. ते २०१० सालीं अभ्यासकांना खुले झाले. कॅरोल टिली या विदुषीनें ते ताडून पाहिले आणि २०१२ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. वर्थम यांनीं मुलांचे बोल बदलले होते, दोघांचें बोलणें एकाच्या तोंडीं घातलें होतें, वयें फिरविलीं होतीं. घरच्या व वस्तीच्या ज्या हालअपेष्टांनीं मूल बिघडलें, त्यांचा उल्लेख गाळला होता. मुलांना बोलूं दिलें खरें. पण ऐकणाऱ्याचा निकाल आधींच ठरलेला होता.

तथापि वाचकाचें तोंड असें कायमचें बंद होत नसतें. १९६० च्या सुमारास चित्रकथांच्या पत्रव्यवहाराच्या पानांवर वाचकांचे पूर्ण पत्ते छापूं लागले. मग वाचक परस्परांना थेट लिहूं लागले, आणि सायक्लोस्टाइलसारख्या यंत्रांवर हौशी नियतकालिकें निघालीं. त्यांपैकीं जेरी बेल्स व रॉय थॉमस यांचें ‘ऑल्टर ईगो’ १९६१ चें. कोणती कथा सरस, कोणत्या चित्रकाराचा हात घसरला, यावर त्यांत खडाजंगी होई. असलें एक नियतकालिक आर्ट स्पीगलमन नांवाच्या शाळकरी मुलानेंहि काढलें होतें. ज्यूंच्या संहाराची कथा सांगणाऱ्या ‘माउस’ या त्याच्या चित्रमय ग्रंथाला १९९२ सालीं पुलित्झर पारितोषिक मिळालें. त्याच ग्रंथाला जानेवारी २०२२ मध्यें टेनेसीमधील एका शाळामंडळानें आठवीच्या अभ्यासक्रमांतून काढून टाकलें. निर्णय अर्थातच मोठ्यांचा होता.

आणखी एक गोष्ट सांगून संपवितों. १९७३ सालीं या हौशी नियतकालिकांवर एक पुस्तक निघालें. वाचकांनीं निरपेक्ष बुद्धीनें आपसांत चालविलेला हा संवाद निकोप व विधायक आहे, असा त्याचा आशय होता. लेखक होते डॉ. फ्रेड्रिक वर्थम! वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं त्यांनीं वाचकांचें म्हणणें वाचकांच्याच शब्दांत वाचलें आणि त्यांना त्यांत रोग दिसला नाहीं.

माझ्या खणांतील ‘वेताळ’ मीं वर्षअखेर परत केला. त्या मुलानें तो घेतला, मान खालीं घातली आणि तो निघून गेला. आतां तो पन्नाशीला पोंचला असेल. आपल्या घरीं आज कोणी मूल अशा पुस्तकांत डोकें खुपसून बसलें असेल, तर पुस्तक चांगलें कीं वाईट, हें ठरविण्याचा आपला अधिकार मी नाकारीत नाहीं. त्यापूर्वीं त्याच्याजवळ बसून, तुला यांत काय आवडलें, एवढें तेवढें विचारावें. मला तें जमलें नाहीं.