खाडीचे पंचांग

नदी जेथे समुद्राला मिळते तो प्रदेश पुरता नदीचाही नसतो आणि पुरता समुद्राचाही नसतो. मोसमी पावसाच्या उष्ण देशांत तर या प्रदेशाची मालकी दरसाल दोनदा पालटते. गोमंतकातील मांडवी व झुवारी या दोन नद्यांच्या खाड्या हे या पालटाचे ठळक उदाहरण होय. गोव्यात वर्षाकाठी सुमारे १२० इंच पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. वैशाखात पणजीपाशी मांडवीचे पाणी जवळजवळ समुद्राइतके खारट असते. आषाढात धो धो पाऊस लागला म्हणजे त्याच जागी वरच्या थरातून गढूळ गोडे पाणी वाहू लागते आणि जड असलेले खारे पाणी तळाशी दबून राहते. या घडामोडीला धरूनच तेथील जीवसृष्टीचे जन्म, मरण आणि स्थलांतर चालते. माणसाने हा क्रम फार पूर्वी ओळखला, त्यावर आपले नियम उभारले, पुढे ते मोडले आणि अखेर कायद्याच्या भाषेत पुन्हा लिहिले. खाडीचा खरा इतिहास हाच आहे.

प्रथम जीवसृष्टीकडे पाहावे. तळाच्या चिखलात राहणाऱ्या तिसऱ्या, कालवे आणि नाना जातींचे कृमी यांना पळून जाता येत नाही. गोडे पाणी आले की तिसरी आपले शिंपले घट्ट मिटून घेते. परंतु पूर फार दिवस टिकला तर हा उपाय अपुरा पडतो आणि पुष्कळ जीव मरून जातात. पाऊस ओसरला, पाणी पुन्हा मचूळ झाले, म्हणजे समुद्राकडून भरतीबरोबर आलेली त्यांची सूक्ष्म पिल्ले तळावर स्थिरावतात आणि ओसाड पडलेला चिखल पुन्हा गजबजतो. आज गोव्यात दोनापावल येथे असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाली. तिच्या अभ्यासकांनी या नद्यांच्या तळाची महिनोमहिने तपासणी करून हे वार्षिक चक्र नोंदवून ठेवले आहे.

कोळंबीची रीत निराळी. तिच्या अनेक जाती अंडी घालतात समुद्रात. इवलीशी पिल्ले भरतीबरोबर खाडीत शिरतात, तेथील चिखलात व खारफुटीच्या मुळांशी वाढतात आणि मोठी झाली की प्रजननासाठी पुन्हा समुद्राची वाट धरतात. पावसाळ्यातील गोड्या पाण्याचा लोंढा या परतीला हातभार लावतो. खुद्द समुद्रातही याच काळात मोठी उलथापालथ चाललेली असते. नैर्ऋत्येच्या वाऱ्यांच्या दिवसांत पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि खोलवरचे थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पतींची बहार उठते आणि तारली, बांगडा यांसारख्या माशांना विपुल अन्न मिळते. पाऊस उतरणीला लागल्यावर हेच थवे किनाऱ्याजवळ येत आणि रापणकारांच्या लांबलचक जाळ्यांत सापडत.

हे पंचांग गोमंतकीय शेतकऱ्याने किती पूर्वी ओळखले होते त्याचा पुरावा ताम्रपटात आहे. बांदिवडे येथे सापडलेल्या अनिर्जितवर्मा या मौर्य राजाच्या ताम्रपटात खाडीकाठच्या ‘खज्जन’ जमिनीचा उल्लेख आहे. आजचा ‘खाजन’ शब्द तोच. चिऱ्याचे, मातीचे बांध घालून खारे पाणी अडवायचे आणि बांधात मानस, म्हणजे लाकडी दारांचे मुख, ठेवायचे, अशी ही रचना. भरती चढली की तिच्याच दाबाने दारे मिटतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याने ती उघडतात. पावसाने जमिनीतले मीठ धुऊन जाते तेव्हा तेथे कोरगुटासारखे खारेपणा सोसणारे भात पिकते. कापणीनंतर मचूळ पाणी आत घेतले जाते आणि त्याबरोबर कोळंबी व मासळी येते. मानशीवर ओहोटीच्या वेळी जाळे लावण्याच्या हक्काचा लिलाव होई आणि त्या उत्पन्नातून बांधांची डागडुजी चाले. भात आणि मासळी यांचे भांडण होऊ नये म्हणून ऋतूच वाटून दिलेले होते.

ही वाटणी सांभाळणारी संस्था म्हणजे गावकरी. पोर्तुगीजांनीही तिला हात लावण्यापूर्वी तिचे नियम समजून घेतले. १५२६ साली अफोंसो मेशिया याने गावकऱ्यांच्या रूढी लेखी नोंदविल्या. पुढे पोर्तुगीज अमलात तिचे अधिकार आक्रसत गेले, तरी बांधाची जबाबदारी कोणाची हा प्रश्न सहसा पडत नसे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि १९६४ मध्ये कूळ कायदा आला. कसणाऱ्याला न्याय मिळाला हे योग्यच झाले. परंतु बांधांची देखभाल कुळांच्या नव्या संघांकडे गेली आणि त्यांतील अनेकांपाशी ना निधी होता ना जुना धाक. त्यातच निर्यातीमुळे कोळंबीला भाव आला. मग भरतीच्या वेळीही मानशीची दारे उघडी राहू लागली, बांध फुटू लागले आणि भाताच्या जमिनी बारमाही खाऱ्या पाण्याखाली गेल्या. किनाऱ्यावरील कोळंबी-संवर्धनाला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये कडक बंधने घातली. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजन जमिनींच्या संरक्षणाची स्वतंत्र तरतूद झाली.

समुद्रावरही हेच घडले. पूर्वी पावसाळ्यात होडी शाकारून ठेवीत, ती मुख्यतः वादळाच्या भीतीने. विश्रांती मासळीला मिळे, पण तिचा रखवालदार होता तो खवळलेला समुद्र. कोकणात नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण केल्यावरच होड्या पाण्यात लोटीत. साठच्या दशकात गोव्यात यांत्रिक ट्रॉलर आले आणि रखवालदाराचा धाक कमी झाला. किनाऱ्याजवळचा तळ खरवडला जाऊ लागल्यावर रापणकार संघटित झाले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी मोठे आंदोलन उभारले. त्यानंतर गोवा, दमण व दीवसाठी १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. पावसाळी बंदीची मुदत वेळोवेळी बदलली. २०१५ पासून सबंध पश्चिम किनाऱ्यावर ती १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची करण्यात आली.

रूढीने जे सांभाळले ते कायद्याने पुन्हा हाती घेतले, एवढ्यावर समाधान मानता येत नाही. नारळी पौर्णिमा बहुधा ऑगस्टात येते; म्हणजे कायद्याची बंदी अनेक वर्षी पौर्णिमेच्या आधीच उठते. शिवाय ही बंदी समुद्रातील यांत्रिक नौकांना आहे. मानशीच्या दारापाशी रात्री काय चालते ते तिला दिसत नाही. कोळंबीला मात्र दोन्ही जागा हव्यात. तिचे बालपण खाडीत जाते आणि तिची पुढची पिढी समुद्रात जन्मते. एक जागा राखून दुसरी उजाड केली तर राखल्याचे फळ मिळत नाही. जुन्या गावकरीने भात, मासळी आणि बांध यांचा हिशेब एकाच वहीत ठेवला होता. आज तो शेती, मत्स्यव्यवसाय आणि पर्यावरण अशा निरनिराळ्या खात्यांत विखुरला आहे. पाऊस तर अजूनही ठरल्याप्रमाणे येतो आणि खाडीची मालकी पालटतो. त्या पालटाच्या वेळी दार मिटायचे की उघडायचे, हे ठरविणारा जबाबदार माणूस प्रत्येक मानशीपाशी पुन्हा उभा राहिला, तरच ही दीड हजार वर्षांची शेती पुढच्या पिढीला पाहावयास मिळेल.