जुन्या हायब्रिड गाडीचे ब्रेक का जातात? पॅड शाबूत असतात, बिघाड असतो दाबात

पेट्रोल कमी लागतं म्हणून हायब्रिड गाड्यांना मागणी आहे. शहरात काही वर्षं वापरलेल्या अशा गाड्या आता तालुक्याच्या गावातही येऊ लागल्या आहेत. घेणारा माणूस दोन गोष्टी हमखास विचारतो: ॲव्हरेज किती देते आणि बॅटरी किती वर्षं टिकेल. ब्रेकबद्दल सहसा कोणी विचारत नाही. खरं तर जुन्या हायब्रिडमध्ये जिवाशी गाठ पडते ती तिथेच. जपान आणि अमेरिकेत या गाड्या आपल्या आधी कितीतरी वर्षं रस्त्यावर आल्या, त्यामुळे त्या म्हाताऱ्या झाल्यावर ब्रेकचं काय होतं हे तिकडे दिसून गेलंय.

आधी बघा, गाडी खरंच हायब्रिड आहे का

आपल्याकडे 'हायब्रिड' म्हणून दोन प्रकारच्या गाड्या विकल्या जातात. मारुतीने २०१५ मध्ये सियाझ आणि एर्टिगा डिझेलमध्ये एसएचव्हीएस आणलं. ती सौम्य हायब्रिड. तिच्यात छोटी मोटर इंजिनाला थोडा हात देते, पण गाडी नुसत्या मोटरवर चालत नाही. तिचे ब्रेक साध्या गाडीसारखेच असतात आणि कोणताही जाणता मिस्त्री ते बघू शकतो.

दुसरी पूर्ण हायब्रिड. ही इंजिन बंद ठेवून नुसत्या बॅटरीवर काही अंतर जाते. टोयोटाची प्रियस, कॅमरी हायब्रिड, २०२२ मध्ये आलेल्या हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस, होंडा सिटीची हायब्रिड या सगळ्या त्यात येतात. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर या गाड्या तर दोन्ही प्रकारांत मिळतात, म्हणून नुसत्या नावावर जाऊ नये. बटण दाबल्यावर इंजिनाचा आवाज न होता मीटरवर 'रेडी' आलं आणि गाडी गुपचूप पुढे सरकली, तर ती पूर्ण हायब्रिड. पुढची माहिती मुख्यतः तिच्यासाठी आहे.

पाय दाबतो पेडल, ब्रेक लावतो कॉम्प्युटर

साध्या गाडीत पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकापर्यंत दाब नेतं, आणि चालत्या इंजिनाच्या व्हॅक्यूमवर काम करणारा बूस्टर पायाचा जोर वाढवतो. पूर्ण हायब्रिडमध्ये इंजिन अधूनमधून बंदच असतं, मग व्हॅक्यूमच्या भरवशावर कसं राहणार? शिवाय ब्रेक लावताना पहिलं काम मोटर करते. चाकाच्या फिरण्यातून ती वीज बनवते, त्या ओढीने गाडी मंदावते आणि वीज बॅटरीत जाते. मोटरने किती थांबवायचं आणि पॅडने किती, हा हिशोब कॉम्प्युटर दर क्षणाला करतो.

म्हणून २००४ ते २००९ दरम्यानच्या प्रियसमध्ये टोयोटाने अशी रचना केली की नेहमीच्या ब्रेकिंगला पेडल थेट चाकाशी जोडलेलं नसतं. पायाला जो कडकपणा जाणवतो तो स्प्रिंगने मुद्दाम दिलेला असतो. पेडल किती दाबलं हे सेन्सर सांगतो आणि चाकाकडे दाब जातो तो एका टाकीतून. या टाकीला ॲक्युम्युलेटर म्हणतात. तिच्यात एका बाजूला नायट्रोजन वायू कोंडलेला असतो आणि विजेचा छोटा पंप दुसऱ्या बाजूने ब्रेक ऑइल दाबून भरतो. विहिरीवरची मोटर टाकी भरून ठेवते आणि नळ सोडला की पाणी येतं, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इथला दाब टायरच्या हवेच्या कित्येक पट असतो.

आता यातलं म्हातारपण कुठे येतं ते कळेल. पॅड तर फारसे झिजतच नाहीत, कारण निम्मं काम मोटर करते. झिजतो तो पंप. आतले व्हॉल्व्ह हळूहळू गळू लागतात, टाकीतला वायू निसटतो. बाहेर एक थेंब ऑइल सांडत नाही, बाटलीतली पातळी बरोबर असते, पॅड जाड असतात. मिस्त्री चाक काढून बघतो आणि म्हणतो, "ब्रेक एकदम ओके आहे." तो खोटं बोलत नाही. दोष त्याला दिसेल अशा जागी नसतो, एवढंच.

प्रियसच्या बाबतीत काय घडलं

फेब्रुवारी २०१० मध्ये टोयोटाने जगभरातून सुमारे ४ लाख ३७ हजार हायब्रिड गाड्या परत बोलावल्या. त्यात नव्या प्रियसचा भरणा होता. खड्ड्यातून किंवा निसरड्या रस्त्यावर हलका ब्रेक लावलेला असताना एबीएस सुरू झालं, की क्षणभर ब्रेक सुटल्यासारखं वाटायचं. मोटरचा ब्रेक बंद होऊन पॅडचा ब्रेक लागेपर्यंत मध्ये फट राहत होती. सॉफ्टवेअर बदलून ती कमी केली गेली. त्याच महिन्यात फोर्डनेही आपल्या दोन हायब्रिड मॉडेलसाठी अमेरिकेत अशीच सॉफ्टवेअर दुरुस्ती जाहीर केली.

जून २०१३ चं कारण जास्त गंभीर होतं. प्रियस आणि लेक्ससच्या मिळून सुमारे २ लाख ४२ हजार गाड्या पुन्हा बोलावल्या गेल्या. दाबाच्या टाकीत बारीक तडा जाऊन नायट्रोजन ब्रेक ऑइलमध्ये मिसळण्याची शक्यता होती. वायू दाबला जातो, ऑइल दाबलं जात नाही. ऑइलमध्ये वायू गेला की पेडल खोल जातं आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागतं.

या रिकॉलच्या बाहेरच्या गाड्यांमध्येही वय वाढल्यावर पंप आणि बूस्टर जाण्याच्या तक्रारी येत राहिल्या. पुढे टोयोटाने अमेरिकेत २०१० ते २०१५ मॉडेलच्या प्रियससाठी या भागांची वॉरंटी वाढवून दिली, तीही स्कॅनरवर ठराविक कोड आले तरच. त्यातला मालकाने लक्षात ठेवावा असा कोड म्हणजे सी १३९१. टाकीतला दाब गळतोय, असा त्याचा अर्थ. सी १२५२ म्हणजे पंप गरजेपेक्षा जास्त वेळ चालतोय, आणि सी १२५६ म्हणजे टाकीत दाब कमी आहे.

हायरायडर, हायक्रॉस या नव्या गाड्यांचे भाग वेगळे आहेत, त्यांना हे जुने रिकॉल लागू नाहीत. पण मोटर आणि पॅड यांनी ब्रेकचं काम वाटून घ्यायचं, हे तत्त्व तेच आहे.

कान द्या

प्रियससारख्या गाडीत ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की पुढून 'घर्रर्र' असा आवाज येतो आणि काही सेकंदांत थांबतो. पंप टाकी भरत असतो. हे चांगल्या तब्येतीचं लक्षण आहे. पण गाडी उभी आहे, पेडलवर पाय नाही, तरी तो आवाज थोड्या थोड्या वेळाने पुन्हा येतोय, तर दाब कुठेतरी गळतोय. प्रत्येक वेळी पेडलला नुसता पाय लावला तरी पंप सुरू होत असेल, तरी तेच. घरातली पाण्याची मोटर कोणी नळ उघडलेला नसताना चालू-बंद होऊ लागली तर आपण काय समजतो?

यासाठी कोणतं मशीन लागत नाही. रात्री अंगणात सगळं शांत असताना दोन मिनिटं उभं राहिलं तरी कळतं.

दुसरी खूण मीटरवरचे दिवे. लाल ब्रेकचा दिवा, पिवळा ब्रेकचा दिवा, एबीएसचा दिवा एकदम लागले आणि बीप वाजू लागली, तर गाडी तिथेच बाजूला घ्यावी. बऱ्याचदा गाडी बंद करून चालू केली की दिवे जातात. मालक खूश होतो आणि महिनाभर तशीच चालवतो. बिघाड गेलेला नसतो, कॉम्प्युटरने पुन्हा मोजायला सुरुवात केलेली असते.

दर वेळी पंपच दोषी असतो असंही नाही. साधी १२ व्होल्टची बॅटरी कमजोर झाली तरी हे दिवे लागू शकतात, कारण ब्रेकचा कॉम्प्युटर तिच्यावरच चालतो. म्हणून आधी ती तपासावी, ते स्वस्तातलं काम आहे.

खड्ड्यात गाडी क्षणभर पुढे सरकल्यासारखी वाटली आणि लगेच ब्रेक धरला, तर घाबरू नये. पाय काढू नये, उलट जोर वाढवावा.

घाट आणि न्यूट्रलची सवय

उताराला गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची आणि पेट्रोल वाचवायचं, ही आपल्याकडची जुनी खोड. हायब्रिडमध्ये त्याने काहीच वाचत नाही. न्यूट्रलमध्ये मोटर वीज बनवत नाही, बॅटरी भरत नाही आणि गाडीचा सगळा भार पॅडवर येतो. सौम्य हायब्रिड डिझेलमध्ये तर इंजिन बंद करून उतरलं की दोन-चार वेळा ब्रेक दाबल्यावर बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं.

आणखी एक गोष्ट घाट उतरणाऱ्याने लक्षात घ्यावी. कुंभार्ली, आंबा किंवा आंबोलीसारखा लांब उतार असेल तर हायब्रिडची बॅटरी अर्ध्या वाटेतच भरते. भरली की मोटरला वीज ठेवायला जागा नाही, म्हणून मोटरचा ब्रेक कमी होतो आणि पॅड तापू लागतात. ज्या गाडीत गिअरच्या जागी 'बी' आहे तिथे उतार सुरू होतानाच बी लावावा. त्यात इंजिन फिरून गाडीला मागे ओढतं.

इथे जुनं ब्रेक ऑइल घात करतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. ताजं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी ओढलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. उकळलं की वाफ होते आणि पेडल खाली जातं. 'पॅड संपले नाहीत, मग ऑइल कशाला बदलायचं' हा हिशोब म्हणून चुकतो. साधारण २ वर्षांनी ते बदलावंच. कोकणाकडच्या दमट हवेत चाकाजवळचे कॅलिपरही बघून घ्यावेत. वापर कमी असल्याने त्यांच्या पिना गंजून अडकतात.

रस्त्यातच ब्रेक गेला तर

या गाड्यांना अडचणीच्या वेळेसाठी मागचा रस्ता ठेवलेला असतो. २००४ ते २००९ च्या प्रियसमध्ये पंप गेला तर पायाचा दाब सरळ पुढच्या दोन चाकांना जातो. म्हणजे ब्रेक लागतो, पण बूस्टरशिवाय. पेडल वेगळंच लागतं आणि माणूस घाबरून पाय उचलतो. तसं करू नये. दोन्ही पायांनी लागला तर दोन्ही पायांनी, पूर्ण ताकदीने दाबून धरावं. जुन्या जीपसारखं पंपिंग करू नये, कारण टाकीत जो थोडा दाब शिल्लक असेल तो त्याने संपतो.

सोबत बी लावावा आणि हँडब्रेक हळूहळू ओढावा. प्रियसमध्ये तो हाताला नसून डाव्या पायाशी असतो, हे गाडी नवीन असताना बऱ्याच जणांना आठवत नाही. बटणाचा हँडब्रेक असेल तर बटण धरून ठेवावं. चालत्या गाडीत पॉवर बंद करू नये. घाटात गाडी डोंगराच्या बाजूला घ्यावी, दरीच्या नाही.

थांबल्यावर ट्रॅक्टरला दोर बांधून टोचन करू नका. पुढची चाकं जमिनीवर फिरली की मोटरही फिरते, वीज तयार होते आणि नुकसान वाढतं. गाडी उचलून नेणारा ट्रकच बोलवावा.

गावातल्या मिस्त्रीकडे देताना

पॅड बदलणं गावात होऊ शकतं, पण एक धोका आहे. चाक उघडून कॅलिपर काढलेला असताना कोणी ड्रायव्हरचा दरवाजा उघडला, तर ब्रेकचा कॉम्प्युटर जागा होतो आणि पंप दाब सोडू शकतो. मिस्त्रीचं बोट तिथे असलं तर चिरडतं. चावी गाडीपासून लांब ठेवावी आणि १२ व्होल्टच्या बॅटरीची वायर काढूनच काम करावं. पेडल मारून हवा काढायची पद्धत या ब्रेकला पुरत नाही, त्यासाठी कंपनीचा किंवा त्या तोडीचा स्कॅनर लागतो. तो नसेल तर 'बघू, जमेल' म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नये. नारिंगी रंगाच्या वायरींना तर हातच लावू नये, त्यांच्यात शेकडो व्होल्ट असतात.

जुनी घेण्याआधी

सौदा करण्याआधी ब्रेकचा पंप-बूस्टर नवीन केवढ्याला येतो ते सर्व्हिस सेंटरला विचारावं, मग गाडीची किंमत करावी. स्कॅनर लावून ब्रेकचे कोड काढून घ्यावेत. विकणाऱ्याने आदल्या दिवशी कोड पुसलेले असू शकतात, म्हणून गाडी वीस-तीस किलोमीटर चालवून पुन्हा बघावं. चेसिस नंबर देऊन रिकॉल बाकी आहे का, हेही विचारावं.

सरकारी नियमही माहीत असावा. १ एप्रिल २०२१ पासून देशात सक्तीच्या रिकॉलची तरतूद आहे आणि मालक वाहन पोर्टलवर दोषाची तक्रार नोंदवू शकतो. पण ती ७ वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठी आहे. २०२२ ची हायरायडर २०२९ मध्ये त्यातून बाहेर पडेल. प्रियस तर केव्हाच बाहेर गेली आहे, तिच्या ब्रेकचा खर्च आणि जबाबदारी दोन्ही मालकाकडेच.