शब्दवेध : निष्काळजी

‘काळजी’चे नाते ‘काळजा’शी जोडले जाते. म्हणजे निष्काळजी तो, ज्याच्या काळजाला काही लागतच नाही. घरात आपण हा शब्द स्वभावदोष म्हणूनच वापरतो. कायदा मात्र काळीज नव्हे, कृती तपासतो: सुज्ञ माणसाने घेतली असती ती खबरदारी घेतली का? मुरबाडहून माळशेज घाट चढणारा चालक कितीही मायाळू असो, धुक्यात आंधळ्या वळणावर त्याने ओव्हरटेक केले, तर तो निष्काळजीच. शहापूर तालुक्यात सरळांबे येथे ३१ जुलै २०२३ च्या रात्री समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारे यंत्र कोसळून २० जण दगावले. तिथेही कायद्याचा प्रश्न हाच: खबरदारी घेतली होती का?

कोणी म्हणेल, मुद्दाम कोणी केले नाही, मग गुन्हा कसला? पण हेतू असता तर कलमच दुसरे लागले असते. उलट, प्रत्येक चूक गुन्हा ठरली तर काम करायला धजेल कोण, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच डॉक्टरांविषयीच्या २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी दोषासाठी घोर निष्काळजीपणाची अट घातली. त्याहून सौम्य चुकीसाठी भरपाईचा मार्ग उरतो. काळजी वाटणे पुरेसे नाही, ती घ्यावी लागते. ‘घेणे’ हे क्रियापद भाषेने उगाच जोडलेले नाही.