लॉकेटातून उडालेली कबुतरे

हनुमान चालिसाचे लॉकेट टीव्हीवरच्या जाहिरातींत पुष्कळांनी पाहिले असेल. मधोमध बारीकसे भिंग. उजेडाकडे धरून डोळ्याला लावले की आख्खी चालिसा दिसते. या भिंगाचे कूळ शोधत गेलो तो थेट १८७० सालच्या पॅरिसमध्ये पोहोचलो, वेढ्यात अडकलेल्या!

दागिन्यात चेहरा जपायची रीत फोटोहून कितीतरी जुनी. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात निकोलस हिलियर्ड लॉकेटासाठी इवलाली व्यक्तिचित्रे रंगवी. जहांगीराने इंग्रज राजदूत टॉमस रोला आपली सोन्यात मढवलेली छबी गळ्यात घालायला दिली. १८३९मध्ये डागेरोटाइप हा फोटोचा सुरुवातीचा प्रकार आला, पण तो चांदीचा थर दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर. बोट लागले की पुसे, हवा लागली की काळवंडे, म्हणून वर काच हवी. पुढे कागदी फोटो आले आणि ते लंबगोल कापून बसवणे सोपे झाले.

वाद आहे तो भिंगाच्या लॉकेटाचा. मँचेस्टरचा जॉन बेंजामिन डान्सर हा याचा मूळ पुरुष, असे एक मत. त्याने टाचणीच्या डोक्याएवढे फोटो काढून विकले, हे खरेच. पण ते बघायला सूक्ष्मदर्शक लागे, आणि तो गळ्यात कोण घालणार? दुसरे मत कॅलिडोस्कोपवाल्या डेव्हिड ब्रूस्टरच्या बाजूचे. १८५७मध्ये डान्सरचे फोटो त्याने पॅरिसला नेले. पूर्णविरामाएवढ्या जागेत गुप्त मजकूर मावेल, टपालाने धाडता येईल, असेही विश्वकोशातल्या लेखात लिहून ठेवले. दूरदृष्टी मोठीच, पण हातात वस्तू नाही.

मी रने दाग्रोंच्या बाजूचा. या पॅरिसच्या फोटोग्राफरने २१ जून १८५९ रोजी पेटंट घेतले. लॉर्ड स्टॅनहोपचे जुने भिंग म्हणजे दोन्ही टोकांना फुगीर असलेली काचेची कांडी. दाग्रोंने त्याचे एक टोक सपाट ठेवले आणि तिथे जेमतेम मिलिमीटरभराचा फोटो कॅनडा बाल्सम या पारदर्शक डिंकाने चिकटवला. म्हणजे सूक्ष्मदर्शकच दागिन्यात बसवला. कल्पना सुचणे वेगळे आणि ती अंगठीत, लॉकेटात, पेनाच्या टोकात मावेल अशी करून दाखवणे वेगळे. माझ्या लेखी जनक तोच. नाव मात्र १८१६ साली वारलेल्या स्टॅनहोपचे लागले, ज्याने फोटो कधी पाहिलाच नाही.

इतिहास लिहिणारे हे दागिने म्हणजे दाग्रोंची पोटापाण्याची किरकोळ कामे समजून पुढे सरकतात. मला ते मुळीच पटत नाही. सप्टेंबर १८७०मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला, तारा तुटल्या. १२ नोव्हेंबरला दाग्रों बलूनमधून निसटला. सामान घेऊन निघालेले दुसरे बलून शत्रूच्या हाती पडले. तरी त्याने तूर शहर गाठले आणि तिथून पॅरिसला निरोप धाडण्याच्या कामाला लागला. तिथे त्याच्याआधीच निरोपांचे कागदावर लहान फोटो काढून कबुतरांबरोबर धाडणे सुरू होते, म्हणून पहिला मान त्याचा नाही, हे कबूल. पण दाग्रोंने कोलोडियनच्या पातळ पापुद्र्यावर निरोप उतरवले. एका पापुद्र्यावर सुमारे ३,०००. असे अनेक पापुद्रे गुंडाळून पिसाच्या नळीत घालायचे आणि नळी कबुतराच्या शेपटीला बांधायची. पॅरिसमध्ये मॅजिक लँटर्नने ते पडद्यावर मोठे करून कारकून उतरवून घेत. एवढे बारीक काम ऐन युद्धात नव्याने शिकता येत नाही. दहा वर्षे लॉकेटांसाठी मुंगीएवढे फोटो काढत बसलेल्या माणसालाच ते जमले. पुढे दप्तरे नि वर्तमानपत्रे ज्यात जपली गेली त्या मायक्रोफिल्मचा हाच उगम.

आणि चालिसेचे लॉकेट? युरोपात लूर्दसारख्या तीर्थक्षेत्री अशी भिंगे बसवलेले क्रूस यात्रेकरू विकत घेत. देवाचे दर्शन भिंगातून घडवायची ही युक्ती आपल्याकडे यात्रांच्या दुकानांतूनच आली असणार, असा माझा पक्का तर्क आहे. जाहिरातवाल्यांना ती तयारच सापडली.