स्कूटरवरची कॅसेट

आज रणांगण बाजूला ठेवू आणि कॅसेटबद्दल बोलू.

१९८७ साली मी कॅप्टन होतो, मराठा पलटणीत. सुट्टीत पणजीला रेमो फर्नांडिसची एक कॅसेट घेतली. ऑफिसर्स मेसमध्ये ती फीत ताणली जाईपर्यंत वाजली. जवानांच्या बडाखान्यात मात्र तिला जागा नव्हती. तिथे हिंदी सिनेमा, नाहीतर लावणी. मधे अंतर होतं फक्त एका मैदानाचं.

रेमो गोव्यातल्या शिवोलीचा, शिक्षणाने आर्किटेक्ट. त्या काळी आपल्याकडे खपायचं ते मुख्यतः सिनेमाचं संगीत. गोव्याबद्दल इंग्रजीत गाणाऱ्यावर पैसे कोण लावणार? त्याने १९८४ साली ‘गोवन क्रेझी’ घरीच ध्वनिमुद्रित केली. यंत्र चार ट्रॅकचं. एका ट्रॅकवर एक वाद्य वाजवायचं, ते ऐकत दुसऱ्यावर दुसरं. एकटा माणूस, पण ऐकणाऱ्याला अख्खा बँड वाटावा. कव्हरही त्यानेच केलं आणि स्कूटरवरून कॅसेटी दुकानांत पोहोचवल्या. हे जमलं ते कॅसेटमुळे. तबकडीला कारखाना लागायचा, कॅसेटच्या प्रती एका खोलीतही निघत. (रसद स्वतःच्या हातात असली की वरच्यांची परवानगी लागत नाही, हे आम्हा फौजींना वेगळं सांगायला नको.)

पण स्कूटर जाऊन जाऊन जाणार किती लांब? १९८७ मध्ये ‘जलवा’ चित्रपटाचं शीर्षकगीत त्याने गायलं. पुढे १९९५ मध्ये ‘बॉम्बे’च्या हिंदी आवृत्तीतलं ‘हम्मा हम्मा’. चाल रेहमानची, शब्द गीतकाराचे, पडद्यावर चेहरे नटांचे. रेमोचा फक्त आवाज.

त्या वर्षी बडाखान्यात ते गाणं लागलं आणि सगळा तंबू नाचायला लागला. मी तोवर मेजर झालो होतो, आणि जरा शिष्टही. म्हणालो, “माणूस विकला गेला.”

शेजारी सुभेदार साहेब होते. त्यांनी विचारलं, “साहेब, हा इतकी वर्षं गातोय म्हणता, मग आमच्यापर्यंत का नाही आला?”

मला उत्तर सुचलं नाही. माझी तक्रार खरं तर रेमोबद्दल नव्हतीच. मेसमधला माणूस मैदान ओलांडून गेला, हे मला खुपलं होतं. त्याच साली अलिशा चिनॉय उलट्या वाटेने आली. आधी सिनेमात गायली, मग बिड्डूच्या संगीतावर ‘मेड इन इंडिया’ केला. त्याच्या व्हिडिओत आपला मिलिंद सोमण. म्युझिक चॅनेलं आली होती, त्यामुळे गाण्याला सिनेमाशिवायही चेहरा मिळू लागला. रेमोनेही १९९८ मध्ये ‘ओ मेरी मुन्नी’ हा स्वतःचा अल्बम काढला. पण हिंदीत. हाती आलेला श्रोता त्याला सोडायचा नव्हता, आणि त्यात मला आता काही गैर वाटत नाही.

ती जुनी कॅसेट मी सुभेदार साहेबांना ऐकायला दिली. दोन दिवसांनी त्यांनी परत केली.

“भाषा काही कळली नाही, साहेब,” म्हणाले. “पण पोरगा बासरी चांगली वाजवतो.”